चाळीस मिलिमीटरांचा वाद

कारखान्यातून जशी आली तशीच असलेल्या फोर बाय फोर गाडीला मूळ मापापेक्षा मोठे टायर बसवावेत की नाही, हा प्रश्न वरवर पाहता हौसेचा वाटतो. पण गाडीचा जमिनीला टेकणारा भाग टायर एवढाच असल्यामुळे आणि गिअर, ब्रेक, स्टिअरिंग, वेगदर्शक अशी सगळी गणिते त्याच्या त्रिज्येवर बेतलेली असल्यामुळे त्याचे उत्तर आवडीनिवडीवर सोडून भागत नाही. चर्चा हवेत राहू नये यासाठी येथे एकच गाडी समोर ठेवली आहे : जून २०२३ मध्ये भारतीय बाजारात आलेली पाच दारांची मारुती सुझुकी जिम्नी. शिडीसारख्या पोलादी चौकटीवर बसवलेली बॉडी, पुढेमागे अखंड ॲक्सल, दीड लिटरचे पेट्रोल इंजिन आणि दुर्गम वाटेसाठी वेगळा ‘लो’ गिअर, अशी अस्सल आडवाटेची रचना तिच्यात आहे. मात्र टायर अंगाने बारीक असल्यामुळे ते बदलण्याची इच्छा तिच्या मालकांना इतरांपेक्षा लवकर होते.

टायरवर छापलेले माप वाचता येणे ही या वादाची पूर्वअट आहे. जिम्नीच्या मूळ टायरवर १९५/८० आर १५ असे लिहिलेले असते. त्यातील १९५ हा आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो; ८० म्हणजे रिमच्या कडेपासून वर येणाऱ्या रबरी भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के आहे; ‘आर’ हे अक्षर आतील दोर त्रिज्येच्या दिशेने घातल्याचे दर्शवते; आणि १५ हा रिमचा इंचांतील व्यास असतो. या हिशेबाने भिंत १५६ मिलिमीटर आणि टायरचा पूर्ण व्यास ६९३ मिलिमीटर भरतो. हौशी मंडळींचा लाडका पर्याय २३५/७५ आर १५ हा असून त्याचा व्यास ७३३.५ मिलिमीटर, म्हणजे मूळ व्यासाहून साधारण ४० मिलिमीटरने किंवा शेकडा ५.८ ने अधिक असतो. वाद आहे तो या चाळीस मिलिमीटरांचा.

तो येथे दोन प्रातिनिधिक व्यक्तींच्या तोंडी घातला आहे. एक आहे सह्याद्रीच्या आडवाटांवर नेहमी गाडी नेणारा चालक आणि दुसरे आहेत वाहनचाचणीच्या क्षेत्रात उमेदीची वर्षे घालवून निवृत्त झालेले अभियंते. दोघेही कल्पित आहेत. त्यांनी मांडलेले आकडे मात्र कोणालाही कागद-पेन्सिल घेऊन पडताळता येतील असे आहेत.

चालक : सर, मोठ्या टायरला दिखाऊपणाचा शिक्का मारण्याआधी गाडीच्या खाली वाकून पाहायला हवे. पुढचा आणि मागचा ॲक्सल ही दोन चाकांना जोडणारी एकेक सलग नळी आहे आणि तिच्यावर डिफरन्शियलचा, म्हणजे दोन्ही चाकांना गरजेप्रमाणे वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या गिअरसंचाचा, गोळा बसवलेला आहे. दगड पहिल्यांदा लागतो तो त्या गोळ्याला. स्प्रिंगा बदलून गाडी चार इंच उंच केली तरी बॉडी तेवढी वर जाते, गोळा होता तिथेच राहतो, कारण तो स्प्रिंगांच्या खाली, थेट चाकांच्या आधारावर आहे. त्याला वर उचलण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे चाकाची त्रिज्या वाढवणे.

अभियंता : हा मुद्दा निर्विवाद आहे आणि तो मान्य करूनच पुढे जायला हवे. उलट २०२० मध्ये आलेल्या थारसारख्या गाडीत पुढची चाके स्वतंत्र टांगणीवर असल्यामुळे पुढचा गोळा चौकटीला बांधलेला असतो, तिथे स्प्रिंग उंच केली की गोळाही उंच होतो आणि त्याची किंमत चाकाकडे जाणाऱ्या दांड्यांच्या सांध्यांना वाढलेल्या कोनाच्या रूपाने मोजावी लागते. जिम्नीत तुमचा युक्तिवाद लागू पडतो. पण व्यासातली वाढ चाळीस असली तरी जमिनीपासूनची उंची निम्म्यानेच, म्हणजे वीस मिलिमीटरने वाढते. उरलेले वीस ॲक्सलच्या वर, मडगार्डच्या पोकळीत जातात आणि भांडण तिथे सुरू होते.

चालक : जमिनीपासून मूळ उंची २१० मिलिमीटर असलेल्या गाडीला आणखी वीस मिळणे म्हणजे जवळजवळ दहा टक्के वाढ झाली. शिवाय तीन दारांच्या जिम्नीचे दोन ॲक्सलमधले अंतर २२५० मिलिमीटर आहे, ते पाच दारांच्या गाडीत २५९० झाले. त्यामुळे उंचवट्याच्या माथ्यावर पोट न टेकता किती चढ-उतार ओलांडता येतो ते सांगणारा कोन २८ अंशांवरून २४ अंशांवर घसरला. वीस मिलिमीटरने त्यातला पावणेदोन अंशांच्या आसपासचा भाग परत मिळतो. हरवलेल्यापैकी निम्म्याच्या जवळपास वसूल होत असेल तर तो व्यवहार वाईट कसा?

अभियंता : व्यवहार तोलताना दुसरे पारडेही पाहावे. जिम्नीची मूळ रिम साडेपाच इंच रुंद आहे. २३५/७५ मापाच्या टायरसाठी टायर-उद्योगाच्या मानकांनी किमान सहा इंचांची रिम सांगितली आहे. अरुंद रिमवर तो चढतो, हवाही धरतो, पण त्याच्या दोन्ही भिंती आत ओढल्या जाऊन माथा फुगीर होतो, कडा जमिनीला नीट टेकत नाहीत आणि वळणावर भिंत लवते. म्हणून टायरबरोबर रिम बदलावी लागते. बाजारात मिळणारी रुंद रिम बहुधा चाकाला बाहेर ढकलते, म्हणजे तिचा ऑफसेट, अर्थात रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागाचे अंतर, वेगळा असतो. चाक बाहेर गेले की ज्या रेषेभोवती ते वळते ती रेषा आणि टायरचा जमिनीवरचा मध्य यांच्यातले अंतर वाढते. मग प्रत्येक खड्डा स्टिअरिंगला अधिक लांबीच्या तरफेने हिसका देतो आणि बेअरिंगवर तिरका भार येतो. अखंड ॲक्सलच्या गाड्यांत विशिष्ट वेगाला स्टिअरिंग थरथरू लागते, त्या जुन्या आजाराला ही परिस्थिती पोषकच ठरते.

या टप्प्यावर नोंदवायला हवे की दोघांच्या बोलण्यात विरोध दिसत असला तरी ते वेगवेगळ्या मापांच्या बाजूने बोलत आहेत. २१५/७५ आर १५ हा टायर मूळ साडेपाच इंची रिमवर मानकांच्या मर्यादेत बसतो; त्याचा व्यास ७०३.५ मिलिमीटर, म्हणजे वाढ जेमतेम दीड टक्का आणि उंचीतला लाभ पाच मिलिमीटर. अभियंत्यांचे बहुतेक आक्षेप या मापाला लागत नाहीत; पण चालकाचे बहुतेक लाभही त्यात मिळत नाहीत. टायरच्या दुकानात हा मधला पर्याय ‘काहीच न बिघडवणारा’ म्हणून सुचवला जातो. ते खरे आहे. तो फारसे काही घडवतही नाही.

चालक : उंची बाजूला ठेवली तरी मोठ्या चाकाचा एक गुण उरतोच. देशावरच्या जुन्या बैलगाडीचे चाक छातीएवढे उंच का असे? खाचखळग्यांतून आणि ओढ्यातल्या गोट्यांवरून ते सहज निघून जाई. लहान चाक ज्या खड्ड्यात अडकते त्याच्यावरून मोठे चाक पार होते, हे ज्ञान मोटारीपेक्षा फार जुने आहे.

अभियंता : उपमा चांगली आहे, पण बैलगाडीचे चाक ओढले जाते आणि मोटारीचे चाक आसापासून फिरवले जाते, या फरकाने गणित बदलते. समजा, समोर पंधरा सेंटिमीटर उंचीचा दगड आहे. ३४६ मिलिमीटर त्रिज्येच्या चाकाला ओढून त्यावर चढवण्यासाठी चाकावरील भाराच्या साधारण १.४५ पट आडवा जोर लागतो. ३६७ मिलिमीटर त्रिज्येच्या चाकाला १.३६ पट पुरतो. इथे बैलांचे सहा टक्के कष्ट वाचले. पण चाक स्वतः फिरून चढणार असेल तर भार दगडाच्या कडेपासून जितक्या आडव्या अंतरावर असतो तितका टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, लागतो. ते अंतर २८५ मिलिमीटरवरून २९६ वर जाते. म्हणजे मोठ्या चाकाला चढायला चार टक्के अधिक टॉर्क हवा, आणि तो पुरवणारे इंजिन व गिअर मात्र तेच आहेत.

चालक : सर, याच गणिताची दुसरी ओळ तुम्ही वाचली नाहीत. १.४५ आणि १.३६ हे आकडे नुसते ओढण्याच्या जोराचे नाहीत. दगडाच्या कडेवरून चाक घसरू नये यासाठी रबर आणि दगड यांच्यात जितके घर्षण लागते त्याचेही ते माप आहे. मोठ्या चाकाला पकड कमी लागते. पावसाळ्यात शेवाळलेल्या दगडावर गाडी अडते ती बहुतेक वेळा पकड सुटल्यामुळे, टॉर्क संपल्यामुळे नव्हे; लो गिअर लावला की चाकाकडे जाणारा जोर आधीच दुप्पट झालेला असतो.

अभियंता : मान्य. डिझेल गाडीच्या बाबतीत यावर बोलण्यासारखे फार उरणार नाही. पण जिम्नीचे इंजिन आपला १३४ न्यूटन-मीटरचा कमाल टॉर्क मिनिटाला ४००० फेऱ्यांवर देते आणि दगड ओलांडताना इंजिन तेवढे फिरत नसते. चाक जड झाले की चालक नकळत इंजिन फिरते ठेवून क्लच अर्धवट सोडतो. क्लचची तबकडी घसरत जोर पुरवते, तापते आणि जळका वास केबिनमध्ये येतो. तो वास आला की चार टक्क्यांचा अर्थ कळतो.

वादाचा गाभा या चार संवादांच्या देवघेवीत आहे आणि तो बहुधा अर्धाच मांडला जातो. त्रिज्या वाढली की आडव्या दगडावर चढण्यासाठी लागणारी पकड घटते आणि लागणारा टॉर्क वाढतो. ज्या गाडीत टॉर्क मुबलक आणि पकड अपुरी तिला मोठे चाक मानवते, ज्या गाडीचे इंजिन खालच्या फेऱ्यांत अशक्त आहे तिला ते लो गिअरच्या जोरावरच पेलते. एकाच मापाचा टायर एका गाडीला वरदान आणि दुसरीला ओझे का ठरतो, याचा उलगडा यातून होतो. परदेशात जिम्नीच्या मोठ्या टायरबरोबर ट्रान्स्फर केसमधले, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलकडे जोर वाटणाऱ्या पेटीतले, गिअरही बदलण्याची पद्धत आहे ती याचसाठी. तेथील छायाचित्रे पाहून इकडे टायर आणले जातात. पेटीतले गिअर छायाचित्रात दिसत नाहीत. गोव्यात २०१४ पासून होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंज या आडवाटेच्या मोटारस्पर्धेतील गाड्यांकडे पाहून केलेल्या अनुकरणाचीही हीच गत होते.

घाटरस्त्यावर हा परिणाम साध्या चालकालाही जाणवतो. व्यास ५.८ टक्क्यांनी वाढला की प्रत्येक गिअर तेवढाच ‘लांब’ होतो, म्हणजे इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांत गाडी अधिक अंतर कापते आणि चाकापाशी जोर सुमारे साडेपाच टक्क्यांनी कमी पडतो. पूर्वी तिसऱ्यात चढणारी चढण दुसरा मागू लागते. वजनाचा हिशेब याहून निराळा आहे. टायरचे वजन मुख्यतः परिघाजवळ असल्यामुळे ते पुढे न्यावे लागते आणि शिवाय फिरवावेही लागते. एका टायरमागे माथ्याकडे पाच किलो वाढले तर चार टायरांचे वीस किलो वेग घेताना चाळीस किलोंसारखे वागतात. टायर स्प्रिंगांच्या खाली असल्यामुळे खड्ड्यातून उसळलेले जड चाक परत जमिनीवर टेकवण्याचे कामही शॉक ॲब्सॉर्बरवर पडते. मूळ शॉक ॲब्सॉर्बर त्या वजनासाठी नेमलेले नसतात.

चालक : वेगदर्शकाच्या चुकीचाही नेहमी बाऊ केला जातो. संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक नियम क्रमांक ३९ प्रमाणे वेगदर्शकाने खऱ्यापेक्षा कमी वेग कधीही दाखवायचा नाही. जास्त दाखवला तर १० टक्के आणि वर ताशी ४ किलोमीटरपर्यंत सूट आहे. त्यामुळे उत्पादक काटा मुद्दाम पुढे ठेवतात. मोठ्या टायरने काटा उलट खऱ्याच्या जवळ येतो.

अभियंता : येतो किंवा ओलांडतो, तो किती पुढे ठेवला होता हे उपग्रहावरून वेग मोजल्याशिवाय कळत नाही. अंतरमापकाला मात्र अशी सूट घेतलेली नसते. खरे दहा हजार किलोमीटर झाले की तो साधारण ९४५० दाखवेल, तेल बदलण्याची वेळ टळेल आणि लिटरमागे खरे १५ किलोमीटर धावणारी गाडी कागदावर १४.२ धावल्याची दिसेल. ‘टायर बदलल्यावर ॲव्हरेज पडले’ या तक्रारीतला एक वाटा असा भागाकाराचा असतो, उरलेला खरा. ब्रेकविषयी थोडक्यात सांगायचे तर ब्रेक चाकाला जो टॉर्क देतो तो तेवढाच राहतो, त्रिज्या वाढल्याने जमिनीवरचा रोधक जोर साडेपाच टक्के घटतो आणि पाय तेवढा अधिक दाबावा लागतो. एकदा दाबला की गाडी थांबते. आंबेनळी घाट उतरताना ब्रेक तापलेले असतील तेव्हा मात्र हे वाक्य इतक्या सहज उच्चारता येणार नाही.

आतापर्यंत व्यासाचाच विचार झाला. रुंदीचा प्रश्न जमिनीच्या जातीशी बांधलेला आहे, म्हणून तो महाराष्ट्रात तरी एका उत्तराने सुटत नाही. कोकणात आणि गोव्यात पावसाळी वाटेवर लाल चिखलाचा थर असतो, पण पुष्कळ ठिकाणी त्याखाली जांभा दगडाचा टणक तळ सापडतो. तिथे अरुंद टायर चिखल कापून खाली पोचतो आणि रुंद टायर वरच तरंगत घसरतो. दुसऱ्या महायुद्धातील विलिस जीपचे टायरही असेच अरुंद, ६.००-१६ मापाचे, म्हणजे केवळ सहा इंच रुंद होते. मराठवाडा-विदर्भातील काळ्या मातीत परिस्थिती उलटते, कारण तिथला तळ खोल असतो आणि ओली माती टायरच्या खाचांत थापली जाऊन खाचा बुजवते; गाडी मग गुळगुळीत चाकांवर असल्यासारखी वागते. त्या मातीला रुंदीपेक्षा खाचांमधले अंतर कामी येते, कारण अंतर मोठे असेल तर फिरण्याच्या झटक्याने माती निसटते. आणि मडगार्डमध्ये मोठ्या टायरमुळे बोटभरच फट उरली असेल तर ती माती तिथेच दाबली जाऊन चाक जाम होते, हा अनुभव काळ्या रानातून गाडी काढणाऱ्यांना नवा नाही.

चालक : किनाऱ्यावरच्या किंवा नदीपात्रातल्या वाळूत तरी रुंद टायर हवाच ना?

अभियंता : वाळूत हवे असते ते टेकण्याचे क्षेत्रफळ आणि ते मुख्यतः हवेच्या दाबावर ठरते. माणसांसह गाडीचे वजन दीड हजार किलो धरले तर एका चाकावर ३७५ किलो येतात. हवा २६ पीएसआय असेल तर एवढा भार पेलायला ढोबळ मानाने २०५ चौरस सेंटिमीटर जमीन लागते, १५ पीएसआय असेल तर ३५५. टायर १९५ चा असो वा २३५ चा, भिंतीच्या ताठरपणाचा थोडा वाटा सोडला तर हे क्षेत्रफळ जवळजवळ तेवढेच राहते. बदलतो तो ठशाचा आकार. रुंद टायरचा ठसा आडवा आणि आखूड, अरुंद टायरचा लांबट. वाळूत लांबट ठसा चांगला, कारण चाकापुढे ढकलल्या जाणाऱ्या वाळूची भिंत अरुंद राहते. म्हणजे वाळूसाठी पहिली खरेदी दाबमापकाची आणि दुसरी हवा परत भरण्याच्या पंपाची.

चालक : हवा कमी केल्यावर टायर रिमवरून निसटतो, हे सांगायचे राहिले.

अभियंता : जोरात वळण घेतले तर निसटतो आणि डांबरी रस्त्यावर तसाच पळवला तर भिंत तापून फाटतो. म्हणूनच पंप म्हटले. पण हा धोका मोठ्या टायरलाही आहे आणि त्याचे मालक हवा कमी करायला तुलनेने उशीर करतात, कारण मोठा टायर घेतला म्हणजे काम झाले अशी त्यांची समजूत असते.

शेवटचा हा शेरा थोडा अन्यायाचा असला तरी निराधार नाही. टायरची जात, म्हणजे रस्त्यासाठीचा एच/टी, मिश्र वापराचा ए/टी आणि चिखलाचा एम/टी यांतील निवड, ही मापाआधी करायची निवड आहे. तरी दुकानात बोलणे सुरू होते ते मापापासून. एम/टीचे मोठे ठोकळे ओल्या डांबरावर कमी टेकतात आणि अधिक अंतरावर थांबतात. मुंबई-पुणे ये-जा करून महिन्यातून एकदा चिखलात उतरणाऱ्याने हे तारतम्य आधी पाहावे.

कायद्याचा भाग रुक्ष असला तरी टाळता येत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत असा फेरबदल करता येत नाही की ज्यामुळे नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधून आलेल्या प्रकरणात या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-ए च्या चौथ्या पोटकलमात अनुज्ञेय नसलेल्या प्रत्येक फेरबदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे.

चालक : पण नोंदणी प्रमाणपत्रावर टायरचे माप छापलेले नसते. विसंगती कशाशी?

अभियंता : पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत गाडीचा नमुना तपासून जी मान्यता मिळते, ती ठरावीक टायरसह मिळते. उत्पादकाने एकाच गाडीच्या दोन प्रकारांना दोन मापे दिली असतील तर त्यांच्यातली अदलाबदल सहसा वादाची ठरत नाही. थार २४५/७५ आर १६ आणि २५५/६५ आर १८ अशा दोन्ही टायरांवर विकली गेली, तिच्या मालकाला ही सवलत आहे. जिम्नी एकाच मापावर येते. शिवाय अपघातानंतर विमा कंपनीचा पाहणीदार टायरवरचे आकडे वाचतो, कलमे नव्हे.

चालक : म्हणजे प्रत्यक्षात कोणी अडवत नाही, पण अडवायचे ठरवले तर आधार आहे.

अभियंता : बाहेर आलेली चाके पाहून अडवतातही. टायर बॉडीच्या रेषेच्या आत असेल तर नजर जात नाही. पण नजर न जाणे म्हणजे परवानगी नव्हे.

एक मुद्दा उरतो, तो स्टेपनीचा, आणि व्यवहारात त्याचीच हेळसांड अधिक होते. चार मोठे टायर घेऊन पाचवा जुना ठेवण्याची काटकसर सर्रास दिसते. पुढचा आणि मागचा ॲक्सल एकमेकांना घट्ट जोडणाऱ्या, म्हणजे मध्ये डिफरन्शियल नसलेल्या, फोर बाय फोर रचनेत एका चाकाचा परीघ वेगळा झाला की दोन्ही ॲक्सल वेगवेगळ्या सरासरी गतीने फिरू पाहतात. चिखलात तो ताण घसरून निघून जातो, कोरड्या दगडावर तो गिअरपेटीत साठत राहतो. जिम्नीचा मूळ टायर किलोमीटरमागे सुमारे ४५९ फेरे घेतो आणि २३५/७५ चा टायर ४३४, यावरून तफावतीची कल्पना यावी. पाचही टायर मोठे घ्यावेत तर मागच्या आडव्या उघडणाऱ्या दारावर टांगलेली स्टेपनी जड होते आणि खडबडीत वाटेवर ते सगळे वजन बिजागऱ्यांना हिसके देते. काही महिन्यांत दार लावताना किंचित उचलावे लागू लागले तर कारण शोधायला लांब जायला नको.

चालक : सर, एवढे ऐकूनही त्या डिफरन्शियलच्या गोळ्याचे उत्तर मिळालेले नाही. तो वर उचलायचा तर टायरच हवा, हे तुम्ही सुरुवातीलाच मान्य केले.

अभियंता : ते अजूनही मान्य आहे. पण गाडी रॅम्पवर चढवून खालून पाहा. दगड कुठे लागला याची नोंद लोखंडावर असते. गोळ्यावर ताजे, चमकणारे ओरखडे असतील तर तुमची बाजू खरी. ट्रान्स्फर केसखालच्या पट्टीवर असतील तर प्रश्न पोटाचा आहे, तो जाड पत्र्याने आणि थोड्या उंच स्प्रिंगांनी सुटतो. दारांखालच्या पट्टीवर असतील तर गाडी दगडाला बाजूने घासली आहे आणि त्याचा त्रिज्येशी संबंध नाही.

चालक : पाहिलेले आहे. पोटाच्या पट्टीवर दोन मोठे मार आहेत, गोळ्यावर एक किरकोळ रेघ. सर्वांत खोल खूण मागच्या ॲक्सलवर, शॉक ॲब्सॉर्बर जिथे खाली बोल्टने बसतो त्या ब्रॅकेटवर आहे.

अभियंता : ब्रॅकेट ॲक्सलवर आहे, म्हणजे ते फक्त टायरनेच वर जाईल. ही खूण तुमच्या बाजूची. पण तो दगड दोन चाकांच्या मधून नेला कशासाठी? चाक दगडावर घेतले असते तर ॲक्सल दगडाबरोबरच वर उचलला गेला असता.

चालक : चाक त्यावर टिकेल याची खात्री नव्हती. टायर कारखान्यातून आलेला, रस्त्याच्या नक्षीचा होता आणि दगड ओला होता.

अभियंता : मग आधी त्याच मापाचे पाच ए/टी टायर घ्या आणि या पावसाळ्यात दगड चाकाखाली घेऊन पाहा.

चालक : आणि मोठे माप?

अभियंता : ते दिवाळीनंतर, पुन्हा रॅम्पवर चढवून नवे ओरखडे कुठे आले आहेत ते पाहून ठरवा.